कोल्हापुरी मटणाबरोबर नाशिकची वाइन कडू का लागली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पुण्याहून नाशिकला गेलात आणि वायनरीत चाखून आवडलेल्या तीन बाटल्या घरी आणल्यात: एक सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी, एक शिराझ-कॅबर्ने ही लाल आणि एक लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पाहुणे आले तेव्हा कोल्हापुरी मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा असा बेत केलात आणि लाल वाइन उघडलीत. ती सगळ्यांना कडू लागली, घशाला जळजळली. दुसऱ्या दिवशी तळलेल्या सुरमईबरोबर पांढरी वाइन छान लागली, पण मध्ये सोलकढी प्यायल्यावर तिची चवच गेली. नंतर पुरणपोळीबरोबर गोड वाइन घेतलीत, तर ती चक्क आंबट लागली. म्हणून तुम्ही विचारताय, की वाइन आपल्या जेवणाबरोबर जातच नाही, की नाशिकची वाइनच कमी दर्जाची आहे? आणि पुढच्या महिन्यात घरी पंधरा माणसांचं जेवण आहे, त्याला काय आणायचं?

दोन्ही शंकांचं उत्तर नाही असंच आहे. मी नाशिकला वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये बरीच वर्षं काम केलं आणि आता हॉटेलांत वाढणाऱ्या मुलामुलींना वाइनचं शिक्षण देते. ‘तिथे छान लागली, घरी आणली तर बिघडली’ ही तक्रार मला कायम ऐकू येते. बहुतेक वेळा बाटलीत काही बिघडलेलं नसतं. टेस्टिंग रूममध्ये ती थंड दिलेली असते आणि सोबत फार तर चीज किंवा खारे काजू असतात. घरी तीच वाइन तीस अंशांच्या खोलीत, तांबड्या रश्श्याच्या शेजारी येते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या घरचं कोल्हापुरी म्हणजे किती तिखट, हे मला माहीत नाही. लहानपणापासून कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या माणसाला जे सौम्य वाटतं, त्यानं पुण्यातल्या शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तिखटाची सवय असलेल्यांना वाइनबरोबर होणारी जळजळही कमी जाणवते आणि काहींना तर ती आवडते. पाहुण्यांपैकी कितीजण पहिल्यांदा लाल वाइन पीत होते, यानेही फरक पडतो. त्यामुळे मी खाली सांगते ते कसं घडतं याचं कारण समजा आणि प्रमाण आपल्या घरच्या जिभेप्रमाणे ठरवा.

आता लाल वाइन आणि तांबडा रस्सा. ‘मटणाला लाल, माशाला पांढरी’ हा नियम तुम्ही पाळलात. तो ज्या स्वयंपाकघरांत तयार झाला, तिथे मटण म्हणजे मीठ-मिरी लावून भाजलेलं मांस असतं. तिथे जिभेवर मांसाचीच चव असते. आपल्याकडे मटणात आधी लागतो तो मसाला: भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, लाल मिरची. म्हणून मी नेहमी सांगते, मटण आहे की मासा आहे की वांगं आहे, हे नंतर बघा. आधी वाटण बघा. वाटण तिखट आहे, आंबट आहे, गोडसर आहे की नारळाचं गुळगुळीत आहे, त्यावर वाइन ठरवा.

तिखट जिभेवर चव म्हणून लागत नाही, ते भाजल्यासारखं जाणवतं. मिरचीतलं कॅप्सायसिन हे द्रव्य तोंडातल्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) जागं करतं, तेच ग्राहक खऱ्या उष्णतेलाही प्रतिसाद देतात. अल्कोहोल याच ग्राहकांना अधिक हळवं करतं. लाल वाइनमध्ये साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे साध्या बिअरच्या अडीचपट वगैरे. मिरचीने पेटलेल्या तोंडात ते गेलं की जळजळ वाढते. त्यात टॅनिनची भर पडते. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, थोडं ओकच्या पिंपातूनही येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं, तुरट होतं, अगदी जांभळं खाल्ल्यावर होतं तसं. एरवी हा तुरटपणा सुखद असतो. तिखटाने आधीच सुजल्यासारख्या झालेल्या तोंडाला मात्र तो कडू आणि खरखरीत लागतो. शिराझ आणि कॅबर्ने दोन्ही टॅनिनवाल्या जाती, त्यात बाटली पिंपात मुरवलेली असेल तर विचारूच नका.

तिसरं कारण तापमान. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ असं सांगितलं जातं. ही खोली युरोपातली आहे आणि तिथलं तापमान सोळा-अठरा अंश असतं. पुण्यातली खोली एप्रिलमध्ये सहज तीस अंशांवर असते. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबतो आणि सगळं पसरट लागतं. लाल वाइनसुद्धा उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. माझ्या मते घरच्या वाइनची चव सुधारायला याहून सोपा आणि फुकटचा उपाय दुसरा नाही.

मग त्या दिवशी मी काय उघडलं असतं? तांबड्या रश्श्याबरोबर किंचित गोडवा असलेली, चांगली गार केलेली शेनिन ब्लाँ. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. तो गोडवा तिखटाला मऊ करतो, टॅनिन जवळपास नसल्यामुळे कडूपणा येत नाही आणि आंबटपणामुळे तेलाची तर्री जिभेवर बसून राहत नाही. पुरुष मंडळींना पांढरी आणि गोडसर वाइन म्हणजे कमीपणा वाटतो, हे मी टेबलावर फार पाहिलं आहे. त्यांना गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन द्या. रंग असतो, वासात स्ट्रॉबेरी आणि लाल फळं असतात आणि टॅनिन अगदी थोडं असतं.

त्याच जेवणातला पांढरा रस्सा मात्र तुम्ही वाया घालवलात असं मला वाटतं. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण आणि खडा मसाला, हे वाइनसाठी फार चांगलं जेवण आहे. नारळाच्या दुधातली चरबी तिखट आपल्यात विरघळवून घेते, त्यामुळे तोंड शांत असतं. याच्याबरोबर व्हियोनिये ही पांढरी वाइन ठेवा. या जातीला जर्दाळूचा आणि फुलांचा वास असतो, चवीला ती भरीव असते आणि नारळासमोर ती पातळ पडत नाही. जेवणाच्या सुरुवातीला पांढऱ्या रश्श्याची वाटी आणि हा एक पेला, असं एकदा करून बघा. तांबडा रस्सा त्यानंतर वाढा.

तुमची शिराझही चुकीची नव्हती, तिला जेवण चुकीचं मिळालं. तिला रस्सा नको, सुकं हवं. काळ्या मसाल्यातलं सुकं मटण, मिरीवर भर दिलेलं, तिखट बेताचं, थोडं तूप किंवा चरबी सुटलेलं. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, मीठ कडूपणा कमी करतं आणि वाइन एकदम गोल लागायला लागते. शिराझला जो मिऱ्याचा वास येतो, त्यामागचं द्रव्य २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधून काढलं. त्याचं नाव रोटंडोन, आणि मिरीच्या दाण्यातही नेमकं हेच द्रव्य असतं. थंड हवेतल्या शिराझमध्ये ते अधिक असतं, आपल्या उष्ण हवेत थोडं मंद राहतं, पण मिरी घातलेल्या सुक्या मटणाबरोबर ते वर येतं. खिमा, कलेजी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, यांच्याबरोबरही शिराझ चालते. भरतात हिरव्या मिरच्या मात्र खानदेशी हातानं घालू नका. नागपूरच्या सावजीबरोबर मी कुठलीही लाल वाइन सुचवणार नाही.

आता सुरमई आणि सोलकढी. सुरमईबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ चांगली लागली हे स्वाभाविक आहे. रव्याचं खरपूस आवरण, मासा ताजा, वरून लिंबू पिळलेलं, आणि वाइनही लिंबासारखी आंबट. माशाबरोबर लाल वाइन घेतली की कधी कधी तोंडात लोखंडासारखी आणि शिळ्या माशासारखी चव येते, तीही कल्पना नाही. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाच्या चरबीबरोबर तो वास तयार होतो. लाल वाइनमध्ये ते बहुधा जास्त असतं, म्हणून बांगडा, तारली अशा तेलकट माशांबरोबर त्रास अधिक होतो.

सोलकढीने घोळ का केला? जेवणातला आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला की वाइन सपक लागते. आमसूल चांगलंच आंबट असतं, त्यात लसूण आणि नारळाचं दूध. त्यानंतर सोव्हिन्योंचा घोट घेतलात तर तिचा आंबटपणा, म्हणजे तिचा कणाच, जाणवत नाही. शिवाय सोलकढी हे स्वतःच जेवणाबरोबरचं पूर्ण पेय आहे. किनारपट्टीच्या जेवणाला ती इतकी नेमकी बसते की दुसऱ्या पेयाची गरजच उरत नाही. दोन्ही एकाच वेळी टेबलावर ठेवू नका. तळलेल्या तुकड्या, कुरकुरीत बोंबील, तिसऱ्यांचं सुकं, हे वाइनबरोबर आधी खा. मग वाइनचे पेले टेबलावरून काढून घ्या आणि भात-कालवणाबरोबर सोलकढी येऊ दे. बोंबील फ्रायबरोबर नाशिकची स्पार्कलिंग ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची, गोड नसलेली वाइन, मला फार आवडते, कारण बुडबुडे आणि आंबटपणा तळणीचं तेल पुसून काढतात. पण बुडबुड्यांनी तिखट जास्त टोचतं, म्हणून आवरणात लाल तिखट कमी आणि हळद-आलं-लसूण जास्त ठेवा. चिंचेच्या किंवा तिरफळाच्या कालवणाबरोबर मी वाइन देतच नाही.

पुरणपोळीचं गणित सर्वांत सोपं आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन आंबट आणि रिकामी लागते. पुरणात गूळ, वर तूप, सोबत दूध किंवा आमरस. नाशिकची लेट हार्वेस्ट गोड असली तरी या गोडीला पुरी पडत नाही. उकडीचे मोदक, जिलबी, श्रीखंड, सगळ्यांचं हेच होतं. ही वाइन आपल्या पक्वान्नांबरोबर वाढायची ओढ सोडून द्या. ती बेताच्या गोड पदार्थांबरोबर खुलते: मऊ खुसखुशीत शंकरपाळी, सुकं अंजीर, भाजलेले बदाम, पिकलेला पेरू. खाऱ्याबरोबर तर ती सर्वांत सुंदर लागते. कोकणातले खारवलेले काजू आणि या गार वाइनचा छोटा पेला घेऊन बघा. आणखी एक आहे. पुरणपोळी बऱ्याच घरांत कुलधर्माला, होळीला, पोळ्याला नैवेद्य म्हणून होते. त्या पानाशेजारी वाइन ठेवणं ज्यांना रुचत नाही, त्यांचं मन मोडून जोडी लावायची काहीच गरज नाही.

इथवरचं सगळं एकेका पदार्थाबद्दल झालं. खरी अडचण याहून मोठी आहे आणि ती आपल्या ताटात आहे. युरोपात एक पदार्थ येतो, तो संपतो, मग दुसरा येतो, त्यामुळे प्रत्येकाला वेगळी वाइन देता येते. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, उसळ, आमटी; मध्ये पोळी किंवा भाकरी; आणि गोडही त्याच वेळी. प्रत्येक घासाला चव बदलते, हेच आपल्या जेवणाचं वैभव आहे. या सगळ्याला एकच वाइन तंतोतंत जुळावी अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होणार.

मी दोन मार्ग वापरते. पहिला, ताटातल्या सर्वांत तीव्र गोष्टीकडे बघून वाइन निवडायची. ठेचा असेल तर ठेच्याकडे, चिंच-गुळाची आमटी असेल तर आमटीकडे. त्या तीव्र गोष्टीसमोर टिकणारी वाइन बाकी सौम्य पदार्थांबरोबर आपोआप निभावते. व्यवहारात याचा अर्थ बहुतेक ताटांना थंड, कमी टॅनिनची, किंचित गोडसर किंवा खूप फळं असलेली वाइन. म्हणजे शेनिन, रोझे, कधी रीसलिंग ही पांढरी. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: वाइन जेवणाच्या ताटापर्यंत नेऊच नका. जेवणाआधीचा जो तास-दीड तास गप्पांचा असतो, त्या चकण्याच्या वेळेत वाइन आणि तिला साजेसे दोन-तीन पदार्थ द्या. मग ताट वाढा आणि ते ताट त्याच्या सोलकढी-ताक-मठ्ठ्यासह निवांत जेवू द्या. वाइनच्या जोडीसाठी घरच्या जेवणाचं रूप बदलण्याच्या मी विरोधात आहे.

या चकण्याच्या वेळेत आपलं शाकाहारी खाणं अक्षरशः राज्य करतं, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नव्हता म्हणून इथे थोडी रेंगाळते. कोथिंबीरवडी आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वांत नैसर्गिक जोडी. सोव्हिन्योंला जो हिरवा, ढोबळ्या मिरचीसारखा वास असतो, तो ढोबळ्या मिरचीत असलेल्याच द्रव्यामुळे असतो, आणि कोथिंबिरीच्या हिरवेपणाशी तो लगेच मैत्री करतो. बेसनाचा खमंगपणा आणि तीळ वाइनच्या आंबटपणाला आधार देतात. वडी फक्त खरपूस तळा आणि बरोबर चिंचेची चटणी देऊ नका. अळूवडीत चिंच-गूळ आतच असतो, म्हणून तिला गोडसर शेनिन. साबुदाणा वड्याला ब्रूट किंवा शेनिन, उपवासाचा दिवस सोडून अर्थातच. थालीपीठ आणि लोणी यांच्याबरोबर पिंपात थोडी मुरलेली पांढरी वाइन असेल तर धान्याचा भाजका वास आणि लाकडाचा वास एकमेकांत मिसळतात. वालाच्या बिरड्याचा गोडूस कडवटपणा रोझेबरोबर छान लागतो. मेथीची भाजी आणि कारलं मात्र लाल वाइनपासून लांब ठेवा. कडू आणि तुरट एकमेकांना वाढवतात. मिसळीला बिअर घ्या किंवा ताक घ्या, पण फरसाण-तर्रीच्या त्या मिश्रणात कुठलीही चांगली बाटली घालवू नका.

आता तुमची दुसरी शंका, नाशिकची वाइन कमी दर्जाची आहे का. ‘नाही’ असं मी वर म्हटलं, पण तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं होईल. आधी तिथली वेल कशी वाढते ते बघा. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात, हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, त्यातून फळकाडी, म्हणजे पुढे फळ धरणारी काडी, तयार होते. मग पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनची द्राक्षं तुटतात. म्हणजे फळ पिकतं ते थंडीच्या दिवसांत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, दिवसा कडक ऊन, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांखाली. रात्रीच्या या गारव्याने द्राक्षातली आम्लता टिकते. फेब्रुवारी संपत आला की ऊन वाढतं, साखर भराभर चढते आणि आम्लता उतरते. लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जाती यातून ताज्या निघतात. उशिरा पिकणाऱ्या लाल जातींना मार्चच्या उन्हाशी झगडावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की कमी किमतीच्या बाटल्यांत नाशिकची पांढरी आणि रोझे लालपेक्षा जास्त भरवशाची आहे. चांगली लाल मिळते, पण तिला थोडे अधिक पैसे मोजावे लागतात आणि तिला जेवणही विचारपूर्वक द्यावं लागतं. सुला या नाशिकच्या वायनरीने २००० साली पहिल्यांदा बाजारात आणल्या त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ, आणि आजही नाशिकची ओळख याच दोन जातींवर उभी आहे. दिंडोरीत शाँदोंसारख्या फ्रेंच घराने येऊन स्पार्कलिंग वाइन करायला सुरुवात केली, तीही इथल्या पांढऱ्या द्राक्षावर विश्वास ठेवून. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

नाशिकपुरतं थांबूही नका. महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाली, श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजमध्ये, आणि तिथली स्पार्कलिंग वाइन परदेशात विकली जात होती. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीच्या औद्योगिक वसाहती झाल्या आणि मग वायनऱ्या वाढल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वायनरी सांजोव्हेजे नावाचं लाल वाइनचं द्राक्ष पिकवते. ही इटलीतली जात, आम्लता चांगली, टोमॅटोच्या पदार्थांबरोबर तिथे वर्षानुवर्षं प्यायली जाते. तुमच्या घरी टोमॅटो घातलेला, फार तिखट नसलेला मटणाचा रस्सा होत असेल, तर शिराझ-कॅबर्नेऐवजी ही उघडा. कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या लाल वाइनही एकदा शेजारी ठेवून चाखा, म्हणजे प्रदेशाने चव कशी बदलते ते कळेल.

बाटली घेताना आणि ठेवताना काय बघायचं, ते पटकन सांगते. आपल्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे ताज्याच प्यायच्या असतात, म्हणून लेबलवरचं वर्ष बघा आणि दोनेक वर्षांपेक्षा जुनी पांढरी शक्यतो उचलू नका. दुकानाच्या उन्हात येणाऱ्या काचेत उभी केलेली बाटली घेऊ नका. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समज चुकीचा आहे. ताज्या पांढऱ्या वाइनला ते झाकण उलट चांगलं. नाशिकहून गाडीने आणताना बाटल्या डिकीत ठेवून वाटेत जेवायला थांबलात, तर उन्हाळ्यात आतलं तापमान खूप चढतं आणि वाइन शिजते. तुमच्या शिराझचं तसं काही झालं होतं का, ते आठवून बघा. शिजलेल्या वाइनला ताज्या फळाऐवजी मोरावळ्यासारखा, मनुकांसारखा वास येतो. घरी ओट्यावर किंवा फ्रिजच्या वर ठेवण्यापेक्षा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते.

थोडक्यात, तुमच्या तिन्ही अनुभवांत वाइन आणि जेवण दोन्ही चांगलं होतं. टॅनिन तिखटाशी भांडलं, आमसुलाने वाइनचा आंबटपणा झाकला आणि गुळाने गोडवा झाकला.

आता पंधरा माणसांचं जेवण. ७५० मिलीच्या एका बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. पंधरापैकी दहाजण पिणार असतील आणि प्रत्येकी दोन पेले धरले, तर चार बाटल्या लागतात, पाचवी हाताशी ठेवा. मी असं करेन: एक स्पार्कलिंग ब्रूट, दोन शेनिन ब्लाँ, एक सोव्हिन्यों ब्लाँ आणि एक रोझे. आल्या आल्या ब्रूट आणि साबुदाणा वडे, ज्यात मिरची नावापुरती. मग कोथिंबीरवडीबरोबर सोव्हिन्यों. मांसाहारींसाठी तळलेली सुरमई किंवा मिरीतलं चिकन सुकं, त्याबरोबर शेनिन आणि रोझे, ज्याला जे हवं ते. फ्रिजमध्ये पाच बाटल्या मावणार नाहीत, तर बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर खडं मीठ घालून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत गार होतात, नुसत्या बर्फात ठेवण्यापेक्षा लवकर. पेले महाग नकोत, पण काचेचे हवेत आणि अर्ध्याहून कमी भरा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते आणि वाइन संपेपर्यंत गार राहते. साधं पाणी भरपूर ठेवा. जे पीत नाहीत आणि ज्यांना गाडी चालवून परत जायचं आहे, त्यांच्यासाठी कोकम सरबत किंवा पन्हं तितक्याच चांगल्या पेल्यांत द्या.

नंतर ताट वाढताना तुमचं कोल्हापुरी मटण हवं तितकं तिखट करा. पाहुण्यांना दोन्ही रस्से मनसोक्त ओरपू द्या, तेव्हा टेबलावर वाइन नसली तरी चालेल. कुणाला पेला सोडवत नसेल तर उरलेली शेनिन पुढे करा. आणि तुमच्याकडे दुसरी शिराझ-कॅबर्ने असेल तर ती या गर्दीत उघडू नका. एखाद्या रविवारी अर्धा किलो मटण काळ्या मसाल्यात सुकं करा, लाल मिरची नेहमीच्या निम्मी, मिरी दुप्पट, बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये, सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा मात्र नको. कशी लागली ते मला जरूर कळवा.